न दुखणारा खांदा

३ ऑक्टोबर, मंगळवार

एकदाची जाऊन आले. चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर घरी यायचं सोडून सरळ रंगाच्या दुकानावरच्या त्या व्यायामाच्या हॉलमध्ये. जिना चढताना दोनदा मागे वळून पाहिलं, ओळखीचं कोणी आहे का. चोरी करायला निघाल्यासारखी!

शिकवणारी बाई पूर्वी शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात अजून शिट्टी असते. बायका पाठीमागे तिला शिट्टीबाई म्हणतात. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमचं वजन तर बरोबर दिसतंय. कमी काय करायचंय?" मी म्हटलं, कमी काही नाही, अंग सैल पडलंय ते जरा घट्ट व्हावं. एवढं बोलताना माझे कान तापले. शेजारच्या चटईवर बँकेतली एक बाई पालथी पडून धापा टाकत होती. मान वर न करताच म्हणाली, "हिला परत पाठवा हो बाई. आम्हाला बघवत नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. परक्या बायकांत बसून हसले, आमचे हे गेल्यापासून पहिल्यांदाच. घरी येऊन ह्यांच्या फोटोकडे बघितलं नाही. दिवा न लावता आत गेले.

४ ऑक्टोबर, बुधवार

दंड भरून आलेत. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी वळवताना हात थरथरला. मालकांनी विचारलं, ताप आहे का. हो म्हटलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

ती संगीत शिकवणारी बाई आली होती, दर वर्षी नंबर तपासून घेते ती. मी फ्रेम तिच्या कानामागे बसवत होते, आमची तोंडं अगदी जवळ. तिने विचारलं, "किती छान बारीक झालात हो. काय केलंत? मलाही सांगा की."

म्हटलं, विशेष काही नाही, जेवण कमी केलं.

दुसरं काय सांगणार? हे आजारी पडले तेव्हापासून घास उतरत नव्हता. मार्चात हे गेले, त्यानंतर तर ताटाकडे बघायलाच नको वाटायचं. आम्ही दोघं कितीतरी वर्षं वजन उतरवायला म्हणून संध्याकाळी फिरायला जायचो आणि आईस्क्रीम खाऊन परत यायचो. तेव्हा जे जमलं नाही ते हे असं जमलं. आणि लोक वर कौतुक करतात!

डॉक्टर म्हणाले होते, वजन आता हवं तेवढंच आहे, आणखी उतरू देऊ नका, स्नायू मात्र पार सैल पडलेत, व्यायाम सुरू करा. त्यांना वाटलं असेल, बाई तब्येतीची काळजी घेतील. तब्येतीसाठी नाही गेले मी. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहिते. न्हाणीघरातल्या आरशात पाहिलं तर चेहरा बरा वाटला, कंबरही बरी वाटली. हे लोंबणारे दंड तेवढे नीट झाले तर — असं मनात आलं. ह्यांना जाऊन वर्षही झालं नाही अजून.

८ ऑक्टोबर, रविवार

वन्सं आल्या होत्या. ह्यांची एकुलती धाकटी बहीण. दोन बस बदलून येतात, गुडघे दुखतात तरी तीन मजले चढतात. बसायच्या आधीच विचारलं, "मंगळवारी फोन केला, गुरुवारी केला. संध्याकाळची असतेस कुठे वहिनी?"

सांगायला तोंड उघडलं. दोघी मिळून ह्यांच्यासाठी रडलो आम्ही, मार्चपासून. त्यांच्यासमोर 'दंड घट्ट करायला जाते' कोणत्या तोंडाने म्हणायचं? तोंडातून निघून गेलं, खांदा धरलाय. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेत, ते शिकायला जाते. मंगळवार-गुरुवार.

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

चहा करताना मी मुद्दाम डाव्या हाताने डबा काढला. मग उजवा खांदा धरलाय असं पक्कं ठरलं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

शिट्टीबाईने लाल डंबेल दिले. हलकेच आहेत. बँकेतल्या बाईने आज मला 'काडी' असं नाव ठेवलं. चष्म्याच्या दुकानात आहे हे कळल्यावर तर फारच खूश झाली.

१५ ऑक्टोबर, रविवार

वन्सं तेलाची बाटली घेऊन आल्या. नको नको म्हणत होते, पण ऐकतील तर शपथ. मला पाठमोरी बसवलं, खांदा उघडा करायला लावला आणि चोळायला लागल्या. हात ह्यांच्यासारखेच, रुंद आणि गरम.

मी मधून मधून 'स्स' करत होते. देवा!

नंतर त्यांनी भांडी घासली, बादली उचलू दिली नाही, पलंगाखालची ट्रंक स्वतः ओढून त्याखालचं झाडलं. वाकताना गुडघ्यावर हात ठेवत होत्या. मी खुर्चीत. म्हणाल्या, "दादा असता तर त्याने केलंच असतं ना. आता मी बघायचं तुझं." मला तिथेच सांगून टाकावंसं वाटलं. तरी पाय वर घेऊन त्यांना खुर्चीखालचंही झाडू दिलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

हॉलच्या मोठ्या आरशासमोर हात वर नेला आणि दंडावर एक रेघ उमटलेली दिसली. खांद्यापासून खाली, बारीक. माझी मीच हसले. शिट्टीबाईने पाहिलं, म्हणाली, "दिसतंय ना? मेहनतीचं फळ आहे, हसा की."

तशीच घरी आले, खुशीत. जेवताना फोन वाजला. वन्सं. आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाल्या, "आज एकोणीस तारीख, वहिनी. मला करमेना."

एकोणीस. ह्यांना जाऊन सात महिने. दर महिन्याला ह्या तारखेला मीच आधी फोन करते. आज विसरले. दंडावरची रेघ बघत होते मी आज.

म्हटलं, माझंही तेच चाललंय वन्सं, तुम्हालाच लावणार होते फोन. सपशेल खोटं. आता एका खोट्याला दुसरं खोटं लागत चाललंय.

२२ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तेल. चोळता चोळता वन्सं ह्यांच्याबद्दल बोलत होत्या. शेवटच्या दिवसांत ह्यांचे पाय गार पडायचे, तेव्हा त्याच चोळत बसायच्या तासन्‌तास. मला तेव्हा त्या खोलीत थांबवत नसे, मी औषधं आणायचं निमित्त काढून बाहेर जायची. त्या कधी त्यावरून बोलल्या नाहीत.

आज एकदम हात थांबवून म्हणाल्या, "तू नवीन कपडे घे दोन-चार. हे सगळे तुला ढगळ होतात." मी म्हटलं, आता कोणाला दाखवायचंय. वन्सं बाटलीचं झाकण लावत बसल्या.

मला वाटतं, माझी परीक्षा घेत होत्या. मी दुःखात आहे की नाही ते बघत होत्या. बघणारच. त्यांचा भाऊ गेलाय.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

लाल डंबेल सुटले, निळे मिळाले. जड आहेत. बँकेतली बाई म्हणाली, "काडी आता नवऱ्याला उचलून टाकेल." शिट्टीबाईने तिला डोळ्यांनी दटावलं. म्हणजे शिट्टीबाईला माहीत आहे! कोणी सांगितलं असेल? बँकेतली बाई गोरीमोरी झाली. मी म्हटलं, "असू दे हो." नंतर पायऱ्यांवर तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही बराच वेळ. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा अपराधी वाटलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

वन्संना लेकीकडून फोन आला म्हणून लवकर गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, मंगळवारी-गुरुवारी उशीर झाला तरी फोन उचलायची घाई करू नकोस, मी आपली काही विचारणार नाही. चप्पल घालताना माझाच खांदा धरून उभ्या राहिल्या. डावा, 'चांगला'.

५ नोव्हेंबर, रविवार

आज हद्द झाली.

वन्सं मला खाली वाण्याच्या दुकानापाशीच भेटल्या. मी महिन्याचं सामान घेतलं होतं, दोन मोठ्या पिशव्या. मी हात पुढे करायच्या आत त्यांनी दोन्ही उचलल्या. "त्या खांद्याने तू उचलणार? मग मी कशाला चोळते दर रविवारी?" दुकानदारासमोर ओढाओढ कशी करायची? मी त्यांच्या मागे रिकाम्या हातांनी जिना चढले. रिकाम्या हातांनी! परवाच्या गुरुवारी शिट्टीबाईने सगळ्यांना सांगितलं होतं, हिच्याकडे बघा, निळे डंबेल कसे सरळ वर जातात.

दुसऱ्या मजल्यावर त्यांचा गुडघा गेला. खाली बसल्या, पिशवी कलंडली, कांदे घरंगळत पहिल्या मजल्यापर्यंत. त्या मात्र हसत होत्या. "जा, पकड त्यांना, दादासारखे पळतायत." मी त्यांना दोन्ही हातांनी धरून उठवलं. काखेत हात घालून, सहज. माझ्या लक्षात आलं तेव्हा त्या उभ्या राहिल्याही होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

गुडघा सुजलाय. त्यांचे मिस्टर न्यायला आले. मी लाज, लाज म्हणून इतकी पानं लिहिली, पण आज जे वाटलं त्याच्यापुढे ती काहीच नव्हती. दंड छान दिसावेत म्हणून मी एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला माझं ओझं वाहायला लावलं. आणि तिच्याशिवाय माझं आता आहे कोण?

७ नोव्हेंबर, मंगळवार

व्यायामाला गेले नाही. येत्या रविवारी सांगायचं. काय होईल ते होवो. त्या यायच्या बंद झाल्या तर ह्यांच्याबद्दल बोलायला कोणी उरणार नाही मला, हे कळतंय.

१२ नोव्हेंबर, रविवार

मीच गेले त्यांच्याकडे, त्यांना जिना नको म्हणून. मिस्टर बाहेर गेले होते. वन्सं पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मला बघून बाटलीकडे हात केला, "बस इकडे, लंगडी असले तरी हात चालतात."

उभ्या उभ्याच सांगितलं. खांदा धरलेला नाही. कधीच नव्हता.

वन्संनी विचारलं, "मग मंगळवार-गुरुवार?"

व्यायामालाच जाते, म्हटलं. दंड सैल पडले होते. आरशात बघवत नव्हते. नीट दिसावेत म्हणून जाते.

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही वन्सं. एवढंच."

"खरंच एवढंच?"

"शपथ. चांगलं दिसावंसं वाटलं मला. बस."

त्या माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या असं म्हणवत नाही. चेहऱ्यावर जे आलं ते मला कळलं नाही. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या, "तू जा आता वहिनी." चहाचंही विचारलं नाही. वन्संच्या घरातून चहाशिवाय मी आजवर कधी निघाले नव्हते.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

दोनदा फोन केला. मिस्टरांनी उचलला. झोपलीय म्हणाले. संध्याकाळी सात वाजता!

१६ नोव्हेंबर, गुरुवार

हॉलच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, ते दंड आता कशाला हवेत? बँकेतल्या बाईने वरून खिडकीतून हाक मारली, "काडी, ए काडी." ऐकू न आल्यासारखं केलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी वन्सं दुकानात आल्या. काठी घेऊन. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि मालकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, चष्मा सैल झालाय. मी चष्मा काढून घेतला, स्क्रू आवळायला घेतला. चष्म्याशिवाय त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही. तेवढ्यासाठीच आल्या असाव्यात. हळू आवाजात बोलल्या.

"खांदा धरला नाही हे मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. मला वाटलं, कोणीतरी आहे तुझं. मनाची तयारी केली मी. घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, वहिनीला एका शब्दाने कोणी काही बोलायचं नाही. तेल चोळताना कधीतरी सांगशील म्हणून वाट बघत होते."

कोणीतरी! माझं!

"आणि तू म्हणालीस कोणी नाही, नुसता व्यायाम आहे. तर मला इतकं बरं वाटलं वहिनी, इतकं बरं वाटलं, की तुझ्यापुढे बसवेना. तोंड लपवलं मी तुझ्यापासून. तू एकटीच राहिलीस याचा आनंद झाला मला. कसली गं मी?"

मी स्क्रू फिरवत राहिले. तो केव्हाच घट्ट बसला होता.