रिकामी ठेवलेली ओळ

प्रिय चिमणे,

शनिवारी दुपारी मी असते तरी कुठे, असं तू फोनवर विचारतेस. वाचनालयात असते. एक रिटायर झालेल्या टायपिस्टबाई आम्हा सहा बायकांना तिथे इंग्रजी शिकवतात. आमच्या शिवणाच्या दुकानाची मालकीण म्हणते, आता पँटी इंग्रजीतून आखूड करणार वाटतं.

बाईंचा एक नियम आहे. वाक्प्रचार शिकला की त्याचं वाक्य करायचं, पण ते स्वतःबद्दलचं आणि खरं पाहिजे. खोटं असलं तर सरळ फुली. सध्या बदलाचे वाक्प्रचार चाललेत. 'चेंज ऑफ हार्ट' मी जावईबापूंवर लिहिला. आधी मला ते अजिबात पसंत नव्हते, मग माझं मन पालटलं. बाई पोट धरून हसल्या. जावईबापूंना मात्र सांगू नकोस.

पुढचा होता 'टर्न द कॉर्नर'. मला वाटलं, आयुष्याला वेगळं वळण लागलं की झालं. म्हणून लिहिलं, नवरा गेला आणि मी कॉर्नर टर्न केला. बाईंनी पेन खाली ठेवलं. आजारातला किंवा संकटातला वाईट काळ सरला की असं म्हणतात, हे त्यांनी हळूच समजावलं. मी म्हटलं, मग ती ओळ रिकामी राहू दे. का, असं त्यांनी विचारलं, आणि जे तुला सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगून बसले. छातीत गाठ हाताला लागली होती. तुकडा तपासायला दिला होता.

काल रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, तरी घरी येऊन डिक्शनरी घेऊन मी तो शब्द न् शब्द वाचला. मग पोटभर जेवले. आज ती ओळ भरली.

तुझ्या बाबांनी पाच महिने दुखणं अंगावर काढलं. तुझी परीक्षा होती म्हणून तुला सांगितलं नाही, आणि मी घाबरेन म्हणून मला नाही. त्यावरून मी अजून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते. आणि तीन आठवडे मीही तेच केलं. आज वर्गात 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ' झाला. वाईट सवय सोडून नीट वागायला लागल्यावर म्हणतात. त्याचं वाक्य मी अजून केलेलं नाही, आधी हे पत्र लिहायला बसले. सहा महिन्यांनी, सतरा तारखेला, पुन्हा तपासणी आहे. तू सोबत चल. काय रागवायचं ते वाटेत रागव, मी ऐकून घेईन.

तुझीच,
सगळं सांगून मोकळी झालेली
आई