बेगमी नारळी पौर्णिमेपर्यंतची

चिखले,
ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, शके १८८१

चि. सौ. शांतीस,
आईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुम्हा उभयतांची खुशाली कळवावी.

आगोट लागली, पावसाळा तोंडावर आला. सगळ्या होड्या वर ओढून झाल्या. भिकूभाऊजींनी आपली होडी नारळाच्या झापांनी शाकारली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र नुसता ऐकायचा. तुमच्या तलासरीचा काळ्या गाडीवाला लाकडं घेऊन आला होता, त्याच्या परतीच्या गाडीत तुझ्यासाठी सुके बोंबील, जवळा आणि चिंच पाठवली आहे. डब्याच्या झाकणाला चिंधी लाव. पावसाळी हवेत डबा सारखा उघडू नकोस, बोंबील मऊ पडले की त्यांना अळी लागते. आठवड्याचं एकदाच काढून घ्यावं, तेही कोरड्या हातानं.

लग्नानंतरचा तुझा हा पहिला पावसाळा. तांदूळ, नागली, तेल, मीठ जे काय भरलं असेल त्याचे आताच भाग पाडून ठेव. एका भागातून दुसऱ्यात हात घालायचा नाही. नारळी पौर्णिमेला घरात मूठभर तांदूळ उरला तर बाईनं संसार केला, असं तुझी आजी म्हणायची. जावईबापूंचं जेवण चांगलं आहे हे मला ठाऊक आहे. लग्नात त्यांच्या पंक्तीला वाढणारी बाई अजून माझ्याकडे तक्रार करते.

भिकूभाऊजी विचारत होते, जावई होडीवर येतील का, एक खलाशी कमी पडतो आहे. मी म्हटलं, भाऊजी, मुलगी कोरड्या पायाच्या माणसाला द्यायची ही माझी अट तुम्हीच त्यांच्या घरी जाऊन सांगितली होतीत. तुझे बाबा त्यांच्याच होडीवरून गेले, तेव्हापासून ते माझ्याशी वाद घालत नाहीत.

अक्षर सुटं काढत जा. तुझ्याच शाळेच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, पण त्या पुस्तकांतली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत नव्हती.

माया आहेच, पत्राचा आळस करू नये.
तुझी आई,
जमुना


तलासरी,
४ जुलै १९५९

ती. गं. भा. आईस,
शांतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

सामान पोचलं. डब्याला चिंधी लावली, ती यांच्या जुन्या धोतराची, आणि ती लावल्यावर कळलं की ते धोतर जुनं नव्हतं. एक दिवस अबोला होता.

लाकडाचा डेपो पावसाबरोबर बंद झाला. जंगलातली वाट चिखलानं मोडली की बैलगाड्या आत जात नाहीत, मग यांच्यासारख्या मुनशीला लिहायला काही नाही आणि पगारही नाही. मी मनात म्हटलं, आपल्याकडेही होड्या वर काढल्यावर असंच असतं, नवीन काय आहे त्यात? घाबरले नाही. तू सांगितलंस तसे सगळ्याचे भाग पाडले. नारळी पौर्णिमेपर्यंत नीट पुरेल. हे दिवसभर घर शाकारतात, दोऱ्या वळतात आणि मधूनमधून येऊन भाकरी झाली का म्हणून विचारतात.

शेजारची बायजी सायवनची आहे. तिचा नवरा डेपोत लाकडं भरतो. ती रोज डोकावते. मी भाताबरोबर जवळ्याची चटणी केली की म्हणते, तुझा पाऊस लवकर संपतो वाटतं? आणि हसत निघून जाते. समुद्राकडच्या बायका खाऊन-पिऊन सुखी असतात असं तिला वाटतं. मीही सांगते, हो बाई, असतात.

तुला एक सांगायचं आहे ते शेवटी ठेवलं होतं. मार्गशीर्षात तू आजी होशील. हे लाजून बाहेर गेले आहेत, म्हणून पत्र लवकर संपवते.

आशीर्वादात खंड नसावा.
तुझी,
शांती


चिखले,
आषाढ वद्य तृतीया

चि. सौ. शांतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा शेवटूनच वाचायला घेतलं. तुझे बाबा असते तर त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं असतं. मी फक्त देवापुढे दिवा लावला आणि भिकूभाऊजींच्या घरी सांगून आले. ते म्हणाले, वहिनी, आता तरी चार घास जास्त खा. मी म्हटलं, खायचं तिनं आहे, मी कशाला खाऊ.

जपून राहा. जड उचलू नकोस. अर्धा पावसाळा गेला, आता पौर्णिमा जवळ आली. या दिवसांत पोटाला कमी करू नकोस. नागपंचमीला हात आखडू नकोस. पातोळ्या कर, बायजीलाही बोलाव. शेवटच्या भागातलं थोडं आधी काढलंस तरी चालेल. मी तुझ्या वेळी सहाव्या महिन्यात मांदेली भाजून खात होते आणि सासूबाई पाठ वळवून उभ्या राहायच्या, म्हणजे त्यांना दिसायला नको.

बाळंतपण इथेच व्हायचं. जावईबापूंना सांग, दिवाळी झाली की तुला आणून सोडावं.

तब्येतीचं खरं तेच लिहीत जावं, ही आशा.
तुझी आई


तलासरी,
११ ऑगस्ट १९५९

ती. गं. भा. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, माझी मोठी चूक झाली आहे. तुला न लिहून चालणार नाही.

नागपंचमीला पातोळ्या केल्या. बायजी आली, जेवली, बोटं चाटली. मग तिनं सहज विचारलं, दिवाळीपर्यंत असंच खाणार का गं तुम्ही? मी म्हटलं, दिवाळी कशाला, पौर्णिमा झाली की कामं सुरू होतील. ती हसायची थांबली. म्हणाली, कुठली पौर्णिमा? भात कापून झाल्याशिवाय इथे वाट सुकत नाही. वाट सुकल्याशिवाय गाडी जंगलात जात नाही. दिवाळीआधी डेपोचं कुलूप निघतच नाही. खरे भुकेचे दिवस तर आता लागतात.

आई, मी आपल्या समुद्राचा पावसाळा धरून बेगमी केली. इथला पावसाळा वेगळा आहे हे मला सुचलंच नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. हे म्हणाले, दिवाळीपर्यंतच बंद असतो, हे तुला ठाऊक नव्हतं? मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत कुठे. म्हणाले, तू भाग पाडत होतीस, मला वाटलं चिखल्याची मुलगी आहे, माझ्यापेक्षा हिला जास्त कळतं. मग आम्ही दोघं डब्यांची झाकणं उघडून बघत बसलो. तांदूळ पंधरवडाभर पुरेल, नागली त्याहून कमी.

दुकानदार शेठ उधार देतो, पण पुढच्या हंगामाच्या पगारावर अंगठा घेऊन. हे तयार नाहीत. यांनी भिकूकाकांना निरोप पाठवला आहे की पौर्णिमेला होडीवर येतो. लहानपणी वडिलांबरोबर जात होतो, हात विसरले नाहीत, म्हणतात. काका उचल द्यायला तयार आहेत.

तुझी अट मला पाठ आहे. मी यांना नको म्हटलं. त्यांनी विचारलं, मग काय करू ते सांग. तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही. हे उद्या-परवा तिकडे यायला निघतील.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
शांती


चिखले,
श्रावण शुद्ध द्वादशी

चि. सौ. शांतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र जावईबापूंच्याच हाती देते आहे, आणि त्यांच्या खांद्यावर तांदळाचं पोतं. नागली वेगळ्या गठडीत आहे. एस.टी.त भिजू देऊ नका म्हणून बजावलं आहे.

तू चूक केलीस, पण शिकवणारी मीच. मीच तुला नागपंचमीला हात सैल सोडायला लिहिलं. तलासरीला समुद्र नाही, मग तिथे नारळी पौर्णिमेनं काय उघडणार, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. झालं ते झालं. आता पुढचं ऐक.

जावईबापू आले तेव्हा मी अंगणात जाळं विणत होते. ते उभेच राहिले. माझ्याकडे बघेनात. मी बसा म्हटलं, पेज दिली. दोन वाट्या संपल्यावर म्हणाले, मामी, तुमचा शब्द मोडायला आलो आहे. मी म्हटलं, अट घातली तेव्हा माझ्या घरात भात शिजत होता, तुमच्या घरात एक दिवस शिजणार नाही हे मला दिसलं नव्हतं. तुम्ही जा. पण उचल घ्यायची नाही.

हे तुला नीट कळायला हवं. पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी होडीचा मालक, नाखवा, खलाशाच्या हातावर उचल ठेवतो. ती घेतली की होळीपर्यंत तो माणूस त्या होडीचा. मधे उतरायचं नाही, मग घरी बाळंतपण असो नाहीतर डेपो उघडो. भिकूभाऊजी वाईट नाहीत, पण रीत ती रीत. आणि एकदा असा होळीपर्यंत गेलेला माणूस पुढच्या पौर्णिमेलाही जातो, कारण मधल्या काळात त्याची जमिनीवरची नोकरी दुसऱ्यानं धरलेली असते. तुझे बाबाही एकाच हंगामासाठी गेले होते.

उचल लोक घेतात ती पौर्णिमेला घर रिकामं असतं म्हणून. तुमचं घर रिकामं राहणार नाही. जावईबापू पोतं ठेवून परत येतील, मासळीच्या रोजच्या वाट्यावर जातील आणि दिवाळीला उतरतील. भिकूभाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वहिनी, असा अर्धा खलाशी मी कधी ठेवला नाही. मी म्हटलं, तुमचा एक माणूस कमी आहे, अर्धा मिळतो आहे तो घ्या. ते हसले. माझ्याशी हसले की काम झालं असं समजायचं.

तांदूळ दिवाळीपर्यंत पुरवायचा आहे. भात एकदाच, दुसऱ्या वेळी पेज. बायजीला विचार, तिथल्या बायका भाद्रपदात काय शिजवतात. तिच्याकडून शीक, आपलं शहाणपण तिथे बाजूला ठेव.

मला पुरेल का म्हणून विचारू नकोस. पुरेल.

जिवाला जपावं, माझी काळजी करण्यात दिवस घालवू नये.
तुझी आई


तलासरी,
२० सप्टेंबर १९५९

ती. गं. भा. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तांदूळ अजून आहे. आता मी चंद्र बघत नाही, भात बघते. बायजीच्या शेताला कणसं धरली आहेत, ती पिवळी पडेपर्यंत माझं पोतं टिकलं पाहिजे. ती मला रानात नेते. टाकळा खुडून झाला, आता कडूकंद. तो कापून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर घसा धरतो. पहिल्या खेपेला मी घाई केली. बायजीनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, शांते, सासूला घालायला बरा आहे. आम्ही ओढ्यात बसून इतक्या हसलो की बाळानंही लाथ मारली.

हे गौरीच्या सणाला एक दिवस येऊन गेले. हात दोरानं फाटले आहेत. मी खोबरेल लावत होते तेव्हा म्हणाले, होडी चालवणाऱ्या तांडेलाला माझं काम आवडतं. त्यांना ते सांगताना आनंद झाला होता. मला झाला नाही. वारा सुटला की मी दारात जाते, इथून काय दिसणार आहे? तू इतकी वर्षं कशी राहिलीस तिथे, ते आवाज ऐकत?

आई, एक खरं सांग. यांनी तो तांदूळ उतरवला तेव्हा शेजारच्या दोघी बघायला आल्या. श्रावणात चिखल्यात कोणाच्या घरी पोतंभर तांदूळ जास्तीचा असतो? मी त्या घरात वाढले आहे. एकट्या बाईची बेगमी केवढी असते ते मला कळतं. तू काय विकलंस? तोडे विकलेस का? की स्वतः पेजेवर दिवस काढते आहेस? हे म्हणतात, मामींनी कणगीतूनच काढून दिला, पुढे मला विचारू दिलं नाही. खरं लिहिलं नाहीस तर मी आजच निघून येईन, अवघडलेली असले तरी.

उत्तर येईतो जेवण गोड लागणार नाही.
तुझी,
शांती


चिखले,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सौ. शांतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुला मधे दोन ओळींचं कार्ड टाकलं, तोडे आहेत आणि मी दोन वेळा जेवते एवढंच लिहिलं. बाकीचं जावई जमिनीवर उतरल्यावर लिहायचं असं ठरवलं होतं. ते उतरले. हे पत्र पोचेल त्याच्या मागोमाग तेही पोचतील.

आश्विनात वादळ झालं ते तुला कळवलं नव्हतं. होडी एक रात्र आली नाही. बाकीच्या बायका किनाऱ्यावर गेल्या, मी गेले नाही. मी घरात जाळं विणत बसले, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळे फास उलटे पडले होते, सगळं उसवावं लागलं. सकाळी जावईबापू दारात आले, मिठानं पांढरे झालेले. म्हणाले, मामी, पेज आहे का? मी वाढली.

पाडव्याला भिकूभाऊजींनी पुन्हा उचल पुढे केली. वादळात जावयाचा हात बघितला होता, असा माणूस होळीपर्यंत हवा, म्हणाले. पैसे चटईवर ठेवले. जावईबापूंनी त्या पैशांकडे बघितलं. मग ते म्हणाले, काका, डेपोचं कुलूप सोमवारी निघतं. भिकूभाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, वहिनी, माझा खलाशी पळवलात. मी म्हटलं, तुमचा होता कधी? त्यांनी पैसे उचलले आणि जाताना बाळासाठी सुकं पापलेट ठेवून गेले.

आता तांदळाचं. मी काही विकलं नाही. उपाशीही राहिले नाही. तुझे बाबा गेले त्या वर्षी आगोटीला मी दुकानात गेले आणि नेहमीसारखं तिघांचं सामान बांधून घेतलं. घरी आल्यावर लक्षात आलं. परत न्यायला लाज वाटली, म्हणून भरून ठेवलं. पुढच्या वर्षी लक्षात असूनही तिघांचंच घेतलं, आणि तू सासरी गेल्यावर यंदा दोघांचं. कसं काय परवडायचं? सुपारी सोडली, चहा सोडला, चपला घेतल्या नाहीत. दर दसऱ्याला तो वाटा तसाच उरायचा आणि नवं धान्य येण्याआधी पडत्या भावानं विकला जायचा. तुला कधी कळू दिलं नाही, पण लोक मागून हसतात हे मला माहीत होतं. बाई हिशेबाची म्हणतात आणि मेलेल्या माणसाचं धान्य भरते. मला त्यात हिशेब दिसत नव्हता, नुसती सवय होती. कणगी उणी ठेवायला हात धजत नव्हता, एवढंच.

तू खाल्लास तो तुझ्या बाबांचा वाटा. त्यांच्या लेकीनं खाल्ला, जावयानं खाल्ला. त्यांना याहून जास्त काही सांगायचं असतं असं मला वाटत नाही.

काल कणगी झाडून उन्हात ठेवली. पुढच्या आगोटीला किती भरायचं ते अजून ठरवलेलं नाही. तू मात्र दिवाळीपर्यंतचं भरायचं, आणि डेपो उघडायला पंधरा दिवस उशीर होईल असं धरून भरायचं.

जावईबापू पोचले की दुसऱ्याच गाडीनं निघ. बायजीला माझा नमस्कार सांग, ये म्हणावं बाळ बघायला. पोत्याच्या तळाशी काही उरलं असेल तर माझ्यासाठी राखून आणू नकोस. शिजवून खा.

वाट बघते आहे, ती लांबवू नये.
तुझी आई,
जमुना