नळीचे पापुद्रे

जालना

प्रिय गोरक्ष,

परवा फोनवर तू एक गोष्ट मागितलीस आणि मी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तुझे मिसकॉल येताहेत. रागावले नाही रे. पण रविवारी तीर्थपुरीला तुझ्या घरी आपला साखरपुडा आहे, त्याआधी नीट बोलायचं तर मला कागदच बरा. फोनवर तू मला हसवतोस आणि मुद्दा राहून जातो.

आधी आपल्या कारखान्याची खबर. तू नोकरी सोडून ठिबकचं दुकान टाकलंस, तेव्हापासून तुझ्या मशीनवर भागवत आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या वितळवून नवी काढायची, तर या बहाद्दरानं नळ्या ज्या खताच्या गोण्यांत भरून आल्या होत्या, त्या गोण्याही सोबत घातल्या. विचारलं तर म्हणतो, मॅडम, प्लास्टिक ते प्लास्टिक, वितळल्यावर कोन बघून राह्यलं? नळी निघाली काळीभोर, चकचकीत. सगळे खूश. मी तपासणीला घेऊन वाकवली, तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले.

गोणीचं प्लास्टिक वेगळं, नळीचं वेगळं. दोघांच्या रेणूंना आपापल्यातच राहायला आवडतं. मशीनच्या रेट्यानं एकत्र फिरतात, गार होताना जो तो आपल्या गोतात जातो. वरचा थर तपासला तर तिथं जवळपास एकाचेच रेणू! हवेशी ज्याचं सहज जमतं तो वर येतो. दुसरा आत भरपूर असूनही वर त्याचा पत्ता नाही. भागवतला वाटलं, वरून एकसारखी दिसते, मंग झालं की काम. पण नळी टिकते ती आतल्या सांध्यावर. शेवटी सगळा माल पुन्हा दळला आणि त्यात थोडं तिसरं द्रव्य घातलं. त्याच्या रेणूचं एक टोक याला धरतं, दुसरं त्याला. दोघं वेगळेच राहतात, पण सुटत नाहीत. काल नवी नळी वाकवली, पिळली, शेवटी दारात अडकवून ओढली. टिकली.

तिकडे भोकरदनला घरी बाबांनी नवा सदरा शिवायला टाकलाय. आईनं जयवंताबाईंसाठी, तुझ्या आईसाठी, हिरवं लुगडं घेतलंय आणि रंग आवडेल का म्हणून मला रोज फोनवर विचारते. तुझ्या आईनं मागच्या खेपेला मला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं, ते मी विसरलेली नाही. मला तुझ्याशीच लग्न करायचंय, बिलकुल शंका नाही.

पण तू म्हणालास, रविवारी सगळी भावकी असेल, तर बाबांनी दारात 'जय भीम' न म्हणता नुसता नमस्कार करावा, म्हणजे सगळं गुण्यागोविंदानं होईल. मी हे बाबांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. माझे बाबा, सर्जेराव गुरुजी, शाळेत, बँकेत, दवाखान्यात तेच म्हणत आले, तुझ्या दारातही म्हणतील. भावकीचं मला भय नाही. त्यांच्यासमोर तू उभा असशील. तू सगळ्यांना ऐकू जाईल असं 'जय भीम' म्हणालास, तर मी आत येईन. नाहीतर आईबाबांना घेऊन तशीच परतीची गाडी धरीन.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
पायल