पेशंटला सांगायचं नाही

४ ऑगस्ट, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! मुंबई नाक्याजवळचं खासगी हॉस्पिटल, काचेची दारं, आत एसी, गळ्यात माझ्या फोटोचं कार्ड. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण असू दे. पदाचं नाव पेशंट कोऑर्डिनेटर. डॉक्टर इंग्रजीत जे बोलून जातात ते नातेवाइकांना मराठीत समजावून सांगायचं, हे काम. आईला फोनवर कळवलं तर तिने दिंडोरीपर्यंत बातमी पसरवली की आमची स्नेहल डॉक्टर झाली. म्हटलं, अगं डॉक्टर नाही, नुसती सांगणारी. तर म्हणते, आमच्यासारख्यांना जो सांगतो तोच डॉक्टर. आता हिच्यापुढे कुठे डोकं फोडायचं!

खोली नाशिक रोडला मिळालीय. छोटी आहे पण माझी एकटीची आहे. गावाकडे असते तर आत्ता आई आणि समाधानबरोबर झेंडूत खुरपत बसले असते. समाधान माझा धाकटा भाऊ, वडील गेल्यापासून मळा तोच बघतो. निघताना मला म्हणाला, जा स्नेहले, घरात निदान एकीची तरी नखं स्वच्छ राहू दे. गाढव कुठला.

११ ऑगस्ट

आठवडाभर नुसता अभ्यास. आमच्या विभागाच्या प्रमुख निकिता मॅडम म्हणतात, शब्द घोकू नकोस, फोडायला शीक. शेवटी ‘आयटिस’ आलं की कुठेतरी सूज. ‘एक्टॉमी’ आलं की काहीतरी कापून काढलंय. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. ‘हेपॅटो’ यकृताचं, ‘नेफ्रो’ मूत्रपिंडाचं. तुकडे जुळवता आले की मजा येते. बसमध्ये मी बसल्या जागी कंडक्टरला तीन आजार लावून टाकले.

‘ॲक्यूट’ म्हणजे अचानक उपटलेलं दुखणं, ‘क्रॉनिक’ म्हणजे मुक्कामाला आलेलं. आणि सगळ्यांत भारी शब्द ‘इडिओपॅथिक’. एवढा भारदस्त, आणि अर्थ काय, तर कारण आम्हाला ठाऊक नाही! मी खो खो हसले. मॅडम म्हणाल्या, हस आत्ता, नातेवाइकांसमोर हसलीस तर बघ.

२० ऑगस्ट

आज कामाचा खरा नियम कळला. इगतपुरीकडची एक बाई आलीय, नवसाबाई. भातशेती करणारी, हाडं दिसायला लागलेली, पण तोंड टकळीसारखं चालू. तिच्या मुलाला, वाल्मीकला, मी काचेच्या दाराबाहेर नेलं आणि मेटास्टॅसिस म्हणजे काय ते सांगितलं. एका जागी सुरू झालेला कॅन्सर अंगभर पसरलाय. त्याने आधी काचेतून आईकडे बघितलं. मग हात जोडून म्हणाला, ताई, आईला कळू देऊ नका, ती हाय खाईल.

मला वाटलं हा एकटाच असा. मॅडम म्हणाल्या, सगळेच असे. आपल्याकडे वाईट बातमी घरच्यांना सांगायची, पेशंटला नाही. पेशंटला सांगायचं की अशक्तपणा आलाय.

तसं सांगितलं. नवसाबाईने माझा हात धरला, म्हणाली, पोरी, खरं काय ते सांग. घरी जाऊन निजायचं का हितं पडून राहायचं, ते मला ठरवू दे. मी गोड हसले आणि म्हटलं, मावशी, चार सलाइन लागल्या की टुणटुणीत व्हाल. मॅडमनी दारातून ऐकलं. म्हणाल्या, तुझ्या तोंडून खरंच वाटतं गं.

२९ ऑगस्ट

नवसाबाई गेली. घरी नाही गेली, म्हणजे गेलीच. शेवटपर्यंत सलाइनच्या बाटलीकडे डोळे लावून होती, ही संपली की निघते म्हणायची. वाल्मीक मला म्हणाला, ताई, तुमच्यामुळे आई सुखात गेली. सुखात! डोंबलाचं सुख. आपल्या घराचा उंबरा बघायचा होता तिला, आणि मी तिला बाटल्या मोजायला लावल्या.

मॅडमनी आज माझं कौतुक केलं. डबा उघडला नाही. हल्ली तशीही भूक मरून गेलीय.

४ सप्टेंबर

सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी होती. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. मशीनवरची मुलगी तिच्या लग्नाच्या साड्यांबद्दल बोलत होती, पिवळी घेऊ की मोरपंखी. मध्येच थांबली. मी म्हटलं, मोरपंखी घे. ती उठून डॉक्टरांना बोलवायला गेली.

नंतर म्हणाले मशीन बिघडलंय, पुन्हा करू. एवढं मोठं हॉस्पिटल आणि ही यांची मशीनं!

९ सप्टेंबर

लिहू की नको. सकाळी अकराची वेळ, ओपीडीत ही गर्दी. बाकावर नवसाबाई बसली होती. तेच हिरवं लुगडं, हाताला सलाइनच्या सुईची चिकटपट्टी तशीच. आधी वाटलं, तिची बहीण असेल. जवळ गेले तर म्हणाली, पोरी, मला झालं काय होतं?

शेजारी एक माणूस मोबाइल बघत बसला होता. त्याला ती दिसत नव्हती. त्याने आपली पिशवी तिच्या मांडीवरच ठेवली.

मी पळाले.

१५ सप्टेंबर

आता तिघं आहेत. नवसाबाई, द्राक्षबागेत फवारणीला जाणारे खंडेराव, आणि भागुबाई. तिघांनाही अशक्तपणा मीच सांगितला होता. तिघंही तेवढंच ऐकून गेले.

ओरडत नाहीत, भीती घालत नाहीत. नंबर लागल्यासारखे बसतात आणि मी समोरून गेले की विचारतात. तेवढंच. खंडेराव तर टोपी काढून विचारतात, ताई, तेवढं सांगा ना. तिकडं गेल्यावर लोक विचारतात कशानं आलास. काय सांगू?

मी तोंड फिरवते. मेल्यानंतरही माणसाला रांगेत बसवणारी मी.

१८ सप्टेंबर

पुन्हा तपासणी. या वेळी कुशीतून सुई घातली. काय काढलं म्हणून विचारलं तर म्हणे थोडं पाणी होतं. मला सांगतात! बायॉप्सी म्हणजे काय ते मी रोज दहा जणांना समजावते.

मॅडमनी स्वतःचा डबा मला दिला. पाठीवरून हात फिरवला. ही बाई उशीर झाला तर पगार कापते.

२३ सप्टेंबर

आज तिघांनी मला काहीच विचारलं नाही.

मी हळू चालत गेले, थांबले. ते तिघं नुसते बघत राहिले. मग भागुबाई नवसाबाईला म्हणाली, या पोरीला बी सांगितलेलं नाय गं. नवसाबाई च् च् करत बाकावर सरकली. माझ्यासाठी जागा केली तिने.

२५ सप्टेंबर

आई आलीय.

दसरा आठवड्यावर, मळ्यात झेंडू फुलून उभा आणि आई नाशिकला! दसऱ्याच्या तोंडावर सख्खा भाऊ आजारी पडला तरी ती गेली नव्हती. तोडणी कोण करतंय विचारलं तर म्हणाली, होतंय. समाधानचा फोन आला. मला ताई म्हणाला. जन्मात पहिल्यांदा ताई! म्हटलं, स्नेहले म्हण रे मेल्या. फोन कट झाला. रडत होता.

मी इतकी खुळी नाही.

२७ सप्टेंबर

मला ॲडमिट केलंय. माझ्याच वॉर्डात.

डॉक्टरांना विचारलं. अशक्तपणा. मॅडमना विचारलं. अशक्तपणा. मॅडमना शिवी दिली. वाईट नाही वाटलं त्यांना, उलट डोळे पुसले. संताप झाला माझा. तुम्ही मला फसवता? मला? काचेच्या दाराबाहेर आईशी बोलताना मी तुमचे ओठ बघते! अरे, माझं शरीर आहे, त्यात काय चाललंय ते मला सांगा. मरायचं असेल तर मळ्यात मरेन. समाधानशी भांडून मरेन.

कुणी सांगत नाही. दार लावून घेतात.

२९ सप्टेंबर

भर दुपारी तिघं खोलीत. कॉटच्या कडेला बसले. गादी दबली.

नवसाबाईला सांगून टाकलं. मावशी, तुम्हाला कॅन्सर होता, सगळीकडे पसरला होता, मला ठाऊक होतं, मी खोटं बोलले. तिने मान हलवली. म्हणाली, एवढंच व्हय. उठली. गेली. पुन्हा दिसली नाही.

खंडेरावांचं सांगायला लागले तर खोकला — सांगता आलंच नाही. ते दोघं थांबलेत. त्यांच्या कपाळावर आठ्या.

म्हणजे सांगितलं की सुटतात. मला कोण सांगणार —

३० सप्टेंबर

खंडेराव उशाशी. टोपी काढत नाहीत आता.

आईला म्हटलं, सांग. तिने माझ्या केसांना तेल लावलं. तिला म्हटलं, तुझ्या पाया पडते. तेल लावतच राहिली.

१ ऑक्टोबर

आई सकाळी नाचतच आली. किती दिवसांनी तिचं तोंड असं. डॉक्टरांशी बोलून आलीय. खुर्ची ओढून बसली, पदर सावरला, आणि विचारलं — पुंजाच्या सुनेला डॉक्टर पॅलिएटिव्ह देणार हायेत म्हणे, ते लय भारी औषध असतं का गं? त्याने उतार पडतोच ना?

पुंजा आमचा गावाकडचा शेजारी, त्याला सून नाही. पुंजाचं लग्नच झालेलं नाही.

तिला हा शब्द कुणी समजावलाच नाही. समजावणारी इथे कॉटवर पडलीय. डॉक्टर इंग्रजीत बोलून गेले आणि ती औषध समजून आनंदली. वणीच्या देवीला साडी बोलून बसली.

पॅलिएटिव्ह म्हणजे बरं करणं सोडून दिलं. आता फक्त दुखू द्यायचं नाही, जाईपर्यंत.

म्हणजे कळलं मला. कुणी सांगितलं नाही, तरी कळलं.

थांब म्हटलंय तिला, एवढं लिहिते आणि सांगते. थांबलीय. चष्मा नाही, तिला वाचता येत नाही हे. तिच्यामागे खंडेराव आणि भागुबाई उभे. माझं तोंड बघताहेत. खरं सांगायचं. खरंच सांगायचं. आई, ते औषध नसतं. एवढं एकच वाक्य —

तिच्याकडे बघितलं आणि हसू आलं तोंडावर, तेच, कामावरचं. आणि म्हणाले, हो आई. एकदम भारी औषध.

आईने हात जोडले. माझ्या पोरीला — म्हणजे पुंजाच्या सुनेला, म्हणाली, आणि रडली. किती सुखात रडली.

भागुबाई म्हणाली, परत तेच.

दोघं पुढे येताहेत. खंडेरावांचा हात माझ्या तोंडावर — गार — आई बघते आणि तिला काही दिसत नाही — नाही, सांगते, सांगते मी, हात काढा — आई, इकडे बघ, मी खोटं बोलले, पॅलिएटिव्ह म्हणजे —