राळेचं मलम

प्रिय मिरवा,

तळ्यावरचा बर्फ एकदाचा गेला. तुमच्या स्वीडनला कधीच गेला असेल. इथे मे निम्मा सरला तेव्हा कुठे पाणी दिसलं. शेजाऱ्यांनी सौनाची वाफेची खोली तापवली की धूर माझ्या खिडकीशी येतो आणि मी बसते नाक वर करून. पोटात डायलिसिसची नळी असलेल्या बाईला ना सौना, ना तळ्यात डुबकी. फिनलंडात जन्मून हे म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं!

बाकी माझं रोजचं व्यवस्थित चालतं. हात धुवायचे, खिडकी लावायची, मांजराला बाहेर काढायचं, मग नळीतून पोटात औषधी पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. मांजर दाराशी ओरडत राहतं; घरात तेवढाच काय तो आवाज. नळी पोटातून बाहेर येते ती जागा स्वच्छ पुसून कोरडी करायची, दवाखान्याचं मलम लावायचं आणि ओढ बसू नये म्हणून नळी पट्टीनं चिकटवायची.

मार्चमध्ये ती जागा ओलसर वाटायला लागली. फडताळात तुझ्या बाबांनी केलेल्या मलमाची शेवटची डबी होती. स्प्रूसच्या झाडाची राळ लोण्यात वितळवून केलेलं. कुऱ्हाडीच्या घावापासून गाईच्या सडापर्यंत सगळं त्यांनी त्यावर बरं केलं, मग ही एवढीशी जागा काय! मी दवाखान्याचं मलम बाजूला ठेवून तेच थापू लागले. खरं सांगू? त्याला त्यांच्या हातांचा वास येतो.

राळेच्या थराखालची लाली माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना आरशात दिसलीच नाही. सदऱ्याला पू लागला तेव्हा दवाखान्यात गेले. सातू नावाची नर्स आहे, तुझ्याहून लहान, तोंडानं फटकळ. राळ काढताना म्हणाली, "काय आजी, गळकी होडी बुजवत होता की काय?" मीही हसले. मग तिनं कातडीखालच्या नळीवरून बोट दाबत नेलं, मी कळवळले, आणि तिचं हसू गेलं. पू तपासायला पाठवलाय, गोळ्या चालू आहेत. पोटातून निघणारं पाणी अजून गढूळ नाही, म्हणजे आत पोटात पसरलेलं नाही, हे नशीब. पण गोळ्यांनी उतार पडला नाही तर नळी काढणार. मग दिवसाआड शहरात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं, म्हणजे हे घर सोडून तिथे खोली घेणं आलं. मला नाही गं जायचं.

आता मुद्द्याचं. सातू दर खेपेला विचारायची, "ही जागा रोज बघतं कोण?" पहिल्यांदा सहज तोंडून गेलं, "माझी मुलगी." मग ते म्हणायला बरं वाटू लागलं. तू सकाळी चष्मा लावून वाकून बघतेस, माझ्यावर रागावतेस, असंही सांगून झालं. आता एवढी लाली जिला दिसली नाही, त्या मुलीशी सातूला बोलायचंय. जूनच्या पहिल्या गुरुवारी ती घरी येणार आहे. खरं सांगून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. मग वाटलं, आधी तुला विचारून बघावं. येतेस?

तुझीच,
आई