कोपऱ्यातलं लाल ठिगळ

बाबा, परदेशात गोधड्या विकायचं माझ्या डोक्यात आलंय आणि सध्या तुमची फार आठवण येते. आईची शंकरपाळ्यांची नक्षी मी अजून हातानेच शिवते. विकायला ऑनलाइन बाजार दोन आहेत. पहिला म्हणतो, माल आमच्या गोदामात टाका, पुढचं आम्ही बघतो. दुसरा म्हणतो, पाठवायचं ते तुमचं तुम्ही पाठवा, पण प्रत्येक गोधडीचे चारी कोपरे दिसतील असे स्वच्छ फोटो लावा. दोघेही फार गोड बोलतात, म्हणून दोघांवरही माझा विश्वास नाही. पंधरा दिवस झाले, काही ठरत नाही.

ही खोड तुमचीच. मिलच्या फोल्डिंग खात्यात तुम्ही कापड तपासायचात, पण दिवाळीची साडीसुद्धा घरी आली की आधी उलटी करून बघायचात. मी नवी ओढणी मिरवायला लागले की म्हणायचात, "उलटी बाजू बघ. सुलटी तर कोणीही दाखवतो." म्हणून मी दोन्ही करार शेवटच्या पानापासून वाचले. पहिल्याच्या माणसाला फोनवर विचारलं, परत आलेला माल कुठे जातो? तो म्हणाला, "दीदी, वो हमारी पॉलिसी के हिसाब से हो जाता है." याला उत्तर म्हणत नाहीत, हे तुम्ही तिथल्या तिथे ओळखलं असतं. तो बाजार मी सोडला. दुसऱ्याची उलटी बाजू बरी निघाली, परत आलेली गोधडी माझ्याच घरी येते. पण तिथे फोटो लावायचे, आणि फोटो काढायला फोन हातात घेते की परत ठेवून देते. आपल्याकडे आहे काय, तर ही एक नक्षी. ती एकदा चार लोकांना दाखवली की काय होतं, ते आपल्या घराने बघितलंय.

मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. भोंगा वाजत नव्हता, तरी तुम्ही त्याच वेळेला आंघोळ करून कपडे घालून बसायचात. तुमच्या खात्यातले काका रोज चहाला यायचे. त्यांनीच पलासिया भागातल्या एका एक्सपोर्टच्या एजंटला घरी आणलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईची गोधडी बघत राहिला. "अब तो सब खुल गया है, बाऊजी. फॉरेनवाले हाथ का काम ढूँढ रहे हैं. एक सॅम्पल दे दो." तुम्ही नाही म्हणालात. आईचा चेहरा पडला, तो मी बघितला.

चार महिन्यांनी मल्हारगंजच्या एका दुकानात तुम्हाला तीच नक्षी टांगलेली दिसते, मशीनवर शिवलेली, ढिगाने. आई प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात एकच लाल ठिगळ लावायची, तेही त्या मशीनच्या गोधड्यांवर जागच्या जागी. तुम्ही घरी येऊन गोधड्यांची पेटी उघडता. एक गोधडी कमी. संध्याकाळी काका नेहमीसारखे येतात आणि तुम्ही त्यांना दारातच थांबवता. "भिया, घरातली चीज बाहेर गेली ती तुमच्याच हातून. आता इथं चहाला यायचं नाही." काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चपला पायात सरकवल्या आणि गेले. तुम्हाला नेलं त्या दिवशीही ते गल्लीच्या तोंडाशीच उभे होते, खांदा द्यायला पुढे आले नाहीत.

काल मी त्यांच्याकडे गेले. आता त्यांना नीट दिसत नाही. गोधडी मांडीवर ठेवली तर त्यांनी आधी ती उलटी केली आणि टाक्यांवरून बोटं फिरवली. म्हणाले, काम चांगलं आहे, लाव बिनधास्त फोटो. मग मी विचारलं, त्या दिवशी दारात तुम्ही गप्प का राहिलात? त्यांनी गोधडीची घडी घालून माझ्याकडे सरकवली.

"त्याची मिल गेली होती. घरात तरी कोणावर भरोसा राहू दे म्हटलं."

आज चारी कोपऱ्यांचे फोटो लावले. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, गोधड्यांच्या पेटीत तळाशी ठेवते. तुम्ही नाही म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पिशवीतून ती गोधडी पलासियाला त्या एजंटकडे मीच नेऊन दिली होती, बाबा.