टाकीमागची रंगीत पट्टी

प्रिय ताई,

सोमवारी पोचल्याचा फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता. फोन मीच आपटला. त्याबद्दल माफी मागायला हे पत्र नाही. राग अजून तसाच आहे, फक्त लिहिताना मला अडखळायला होत नाही.

शनिवारी घरात पाऊल टाकलं आणि पहिली नजर माशांच्या टाकीकडे गेली. माणूस आधी बापाकडे बघतो, मी माशांकडे बघितलं, हा माझा जुना दोष. टाकीचा सर्कशीचा तंबू झाला होता. मागच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची पट्टी. लाल, मग हिरवी, मग निळी, दर तीन सेकंदांनी. मी घड्याळ लावून मोजलं. तळाशी चमकणारे नारिंगी खडे आणि मधोमध प्लॅस्टिकची कवटी, जिचे डोळे पेटतात आणि जबडा उघडला की बुडबुडे येतात. चारही एंजल मासे फिल्टरच्या मागे अंग चोरून उभे. तळ चाटणारा आपला झाडूवाला तर कवटीच्या आतच जाऊन बसला होता. बिचाऱ्याला तेवढाच अंधार सापडला. वरची झाकणाची काच काढून कपाटावर ठेवलेली.

मी काय काम करतो ते तुला ठाऊक आहे. दिवसभर दुकानात हेच सांगत असतो, की माशाला पापणी नसते, त्याला डोळे मिटता येत नाहीत. दिवा आठ तासांच्या वर नको. झाकण उघडं नको, मासा उडी मारतो. असल्या पट्ट्या आमचे मालकही विकतात, पण गिऱ्हाइकाच्या हातात देताना मी मान खाली घालतो. आणि माझ्याच घरात हा तमाशा. घर सोडताना मी चार पानं लिहून दिली होती, प्रत्येक शब्द तपासून. ती पानं टाकीच्या टेबलाचा पाय डुगडुगतो म्हणून त्याखाली घडी करून घातलेली सापडली.

मी विचारलं तर तू म्हणालीस, "असू दे रे, घरात जरा रंग." बाबा म्हणाले, "तुझ्या त्या पांढऱ्या दिव्यात मासे दवाखान्यात भरती केल्यासारखे वाटतात." आपण तिघंही हसलो. रविवारी तू बाजारात गेलीस तेव्हा मी सगळं काढलं. पट्टी, खडे, कवटी. जुना दिवा लावला, झाकण बसवलं. वाटलं, तू आल्यावर भांडशील. तू पिशवी ठेवलीस, टाकीकडे बघितलंस, बाबांकडे बघितलंस आणि भाजी निवडायला बसलीस. तू भांडली नाहीस हेच मला खटकायला हवं होतं. बाबा संध्याकाळी नेहमीसारखे टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि पाच मिनिटांत उठून गॅलरीत गेले.

सोमवारी सकाळी मी निघायच्या गडबडीत. बाबांनी दाण्यांची डबी उघडली, चिमूटभर टाकले आणि म्हणाले, "बघ, कसे तुटून पडलेत." दाणे झाकणाच्या काचेवर पडले होते. सगळेच्या सगळे. काचेखाली मासे तोंडं वर करून उभे होते. मला वाटलं, थट्टा करताहेत. मी फडक्याने काच पुसली आणि वर म्हणालो, "झाकण उघडून टाकायचे असतात, बाबा, किती वेळा सांगायचं." ते म्हणाले, "बरं, मास्तर." त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. कुसळ गेलं म्हणाले.

बसमध्ये अर्ध्या वाटेवर मला ती काच पुन्हा दिसली, आणि मग एकेक दिसत गेलं. मी आठवीत शाळा सोडून बाहेरगावी कामाला लागलो तेव्हापासून बाबा माझं प्रत्येक पत्र लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवायचे. गेली तीन पत्रं एकही खूण नसलेली आली. मी फुशारलो. दुकानात मालकांना दाखवली. आणि तुझा हात. चहाचा कप तू टेबलावर ठेवत नाहीस, त्यांच्या बोटांत देतेस.

फोनवर तू शेवटी कबूल केलंस. त्यांना समोरचं धूसर, सावल्यांसारखं दिसतं. मागून झगझगीत उजेड असला तरच मासा हलताना कळतो, म्हणून तू ती पट्टी आणलीस. "तुझ्या माशांना अंधार हवा, बाबांना उजेड हवा, मी कुणाचं ऐकू?" असं तू विचारलंस. पट्टीबद्दल माझं काही म्हणणं उरलं नाही. ती पुन्हा लाव. रिमोटचं मधलं बटण दाबलं की रंग एका जागी थांबतो, निळ्यावर थांबव, आणि बाबा समोर बसतील तेवढाच वेळ चालू ठेव. माशांचं निभेल.

पण सात महिने, ताई. सात महिने तुला माहीत होतं, आणि तो माणूस रोज वखारीत जाऊन फिरत्या करवतीवर फळ्या धरतो. ज्याला झाकण उघडं आहे की बंद ते कळत नाही, तो पात्यापासून वीतभर अंतरावर बोटं ठेवतो. बाबांनी तुला शपथ घातली, धाकट्याला सांगू नकोस, नोकरी सोडून धावत येईल. मी घाबरट आहे, मान्य. गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून तीनदा परत येतो. पण घाबरटाला अंधारात ठेवलं म्हणून तो घाबरायचा थांबत नाही, तो भलत्याच गोष्टीला घाबरतो. मी दोन दिवस माशांसाठी जीव काढला. कुसळाबद्दल एक शब्द जास्त विचारला नाही. तुमच्या दोघांच्या मायेने मला एवढं मूर्ख केलं.

आता हे पत्र का, ते. फोनवर बाबा "आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतात, पण तू काही वाचून दाखवत असलीस की उठत नाहीत. तेव्हा त्यांना बोलाव आणि इथून मोठ्याने वाच. बाबा, मी काल वखारीच्या मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शंका आम्हालाही होती, पण म्हातारा मानी, बोलायचं कुणी?" यापुढे ते तुम्हाला करवतीवर उभं करणार नाहीत. लाकूड निवडायला बसवतील, ते तुम्ही हाताने चाचपून करता. मी तुमची चहाडी केली आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. येत्या शनिवारी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. मी न्यायला येतो. यायचं नसेल तर नाही म्हणा, पण त्याआधी मी दारात येऊन गप्प उभा राहीन, तेव्हा दोन हातांच्या अंतरावरून मला ओळखून दाखवा.

तुझाच, आणि अजून चिडलेला,
धाकटा